हजारात चार

“आणखी किती गार करायचं, बाई? नुसतं सांगा. आणखी किती?”

पद्मजा शिरगुप्पे दारातूनच विचारत आत आली. एक चप्पल इकडे, एक तिकडे.

खुर्चीतल्या लोंढेबाई चष्मा पुसत होत्या. एक काच झाली. मग दुसरी घेतली.

पद्मजाला वाटलं, ही दुसरी काच स्वच्छ होईपर्यंत जगातला सगळा हेलियम उडून जाईल.

“बस,” बाई म्हणाल्या.

“बसायला वेळ नाही.”

“मग उभी राहा. पण सावकाश उभी राहा.”

सोमवारची सकाळ होती. मिरजेच्या बाहेर, एका इस्पितळाच्या मागच्या अंगाला ही अतिशीत प्रयोगशाळा. कुमुद लोंढे यांनी ती उभारली तेव्हा इथे नुसत्या बाभळी होत्या. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी बाई रोज नऊच्या ठोक्याला येऊन त्याच खुर्चीत बसत. ‘उठा’ म्हणायची कुणाची छाती नव्हती. पद्मजाची होती, पण तिला ती खुर्ची नकोच होती. तिला रांजण हवा होता.

रांजण म्हणजे शेजारच्या खोलीतलं पुरुषभर उंचीचं पोलादी भांडं. पोटात द्रव हेलियम, त्यात बुडालेलं दांडगं चुंबक, आणि अगदी आत, अंगठ्याएवढ्या कुपीत, गोठलेला झेनॉन.

झेनॉन हा राजवायू. कुणात मिसळत नाही, कुणाचं ऐकत नाही. त्याच्या अणूच्या गाभ्यात जणू एक चिमुकली चुंबकसुई असते. उबेत या सुया सैरावैरा. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं नेमकं उलट. बेरीज शून्य.

पण मोठ्या चुंबकात ठेवून त्यांना भयंकर गारठवलं, ज्याच्याखाली थंडीच नाही त्या निरपेक्ष शून्याच्या उंबऱ्यावर नेलं, की त्या एका दिशेला तोंड करू लागतात. मग चटकन ऊब देऊन त्याचा पुन्हा वायू करायचा. सुया काही काळ आपली दिशा सोडत नाहीत. तेवढ्या अवधीत तो वायू माणसानं छातीत भरून घ्यायचा. इस्पितळातल्या एमआरआय यंत्राला मग छातीतली हवा दिसते. हवा! ती कुठे पोचते, कुठे पोचत नाही.

ही कल्पना पहिल्यांदा ऐकली तेव्हा पद्मजा भर वर्गात टाळ्या वाजवत उठली होती.

आज ती टाळ्या वाजवण्याच्या मनःस्थितीत नव्हती.

“मागच्या महिन्यात शून्याच्या वर एका अंशाच्या पन्नासाव्या भागावर ठेवलं,” ती म्हणाली. “जेवढ्या वळायला हव्या होत्या, त्यांचा पाचवा हिस्सा वळल्या. म्हटलं, गारवा कमी पडतोय. या खेपेला शंभराव्या भागावर नेलं. दुप्पट गार! मग दुप्पट वळायला हव्यात की नाही?”

“हव्यात.”

“कमी झाल्या! आधीपेक्षाही कमी! बाई, तुमचं पुस्तक चुकलंय.”

“कुठलं पान?”

“एकशे बारा. जितकं गार, तितक्या जास्त सुया एका बाजूला.”

“आणि एकशे तेरा?”

“ते कंटाळवाणं आहे.”

बाई हसल्या नाहीत. “काय लिहिलंय त्यात?”

“जितकं गार, तितका त्यांना वळायला वेळ जास्त. ठाऊक आहे मला! म्हणून तर तीन-तीन दिवस ठेवते. पण वेळेचा प्रश्नच नाही हो. पहिल्या बारा तासांतच रेघ सपाट होते. पुढे अडीच दिवस जैसे थे. हे बघा.”

तिने फोन पुढे धरला.

पडद्यावर आलेख होता. आधी चढण, मग माळरान. मिनिटाला एक ठिपका. हा पद्मजाचा अभिमान होता. स्वतः लिहिलेल्या प्रणालीवर ती तो कुठूनही बघू शकायची. एसटीत बघायची, कँटीनमध्ये बघायची, आईने वाढलेल्या ताटासमोर बसून बघायची. आई म्हणायची, त्या वायूलाच आण एकदा जेवायला.

बाईंनी फोन हातात घेतला नाही. लांबूनच पाहिला.

“त्या वळल्या की नाही, हे तुला कसं कळतं?”

“टिचकी मारून. रेडिओलहरींची. सुया थोड्या हलतात, त्यांचा नाद ऐकू येतो. नाद मोठा, तर वळलेल्या सुया जास्त.” पद्मजा थांबली. “बाई, हे तुम्हीच शिकवलंय.”

“टिचकी मारल्यावर त्या सुयांचं काय होतं?”

“काही बिघडतात. पण मी हलकी मारते. अगदी हलकी. हजारात चार जातात. चार! म्हणजे काहीच नाही.”

“हं…”

बाईंचा हा ‘हं’ पद्मजाच्या डोक्यात जायचा. या वयाच्या माणसांना वाटतं, ‘हं’ म्हटलं की उत्तर झालं.

“बाई, ‘हं’ नको. शुक्रवारी सकाळी दस्तगीरचाचा येणार आहेत.”

दस्तगीर मुल्ला इचलकरंजीत तिच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचे. तीस वर्षं यंत्रमागावर काढलेली. चार वर्षांपासून दहा पावलं चालले की धाप लागायची. छातीचे फोटो काढले, रक्त तपासलं. सगळं स्वच्छ. मग कारखान्यात म्हणू लागले, कामचुकार आहे. पुढे घरातही कुजबुज सुरू झाली. शेवटी थोरल्या मुलाने तोंडावर विचारलं, अब्बा, नाटक कशाला करता?

त्या दिवसापासून दस्तगीरचाचा मुलाशी बोलले नव्हते. झेनॉनच्या चाचणीला माणसं हवीत असं कळल्यावर सगळ्यांत पहिली सही त्यांनी केली होती. पद्मजाने शब्द दिला होता, चाचा, तुमच्या छातीत हवा कुठं अडते ते मी दाखवीन.

“आणि हेलियम एकाच फेरीपुरता उरलाय,” ती म्हणाली. “शुक्रवारपर्यंत जेमतेम. सोमवारपासून रांजण दुसऱ्या गटाकडे. म्हणजे ही शेवटची. म्हणून विचारतेय, आणखी गार करू का? दोनशेव्या भागावर नेऊ? रांजण जाईल तिथवर. मी नेऊन दाखवते!”

बाईंनी टेबलावरचा खडू उचलला आणि तिच्यापुढे धरला.

“ने. पण आधी फळ्यावर एक गणित कर. हजार वळलेल्या सुया घे. नवीन एकही वळत नाही असं समज. तुझी टिचकी चालू. दिवसाअखेर किती उरतील?”

“एवढंच? मिनिटात करते.”

“कर.”

पद्मजा फळ्याकडे वळली. एक टिचकी, हजारात चार कमी. पुन्हा टिचकी, उरलेल्यांत हजारी चार कमी. दिवसाची मिनिटं एक हजार चारशे चाळीस…

कोपराला काहीतरी लागलं.

बाई मागे येऊन उभ्या होत्या. एका बोटाने त्यांनी तिच्या कोपराला हलकेच टोचलं होतं. “झालं?”

“आत्ता तर सुरू केलंय.”

पद्मजाने खडू टेकवला. एक हजार चारशे चाळीस गुणिले…

बोट पुन्हा. “झालं?”

“होतंय, बाई.”

गुणिले शून्य दशांश… “झालं?”

चारचा पाच झाला. पुसला. पुन्हा लिहिला. बोट. “झालं?”

“बाई!”

“मी काय केलं? हलकेच तर लावलं बोट.”

पद्मजाने दात आवळले. पुन्हा पहिल्यापासून. एक हजार चारशे… बोट. खडू फळ्यावरून चर्रकन खाली घसरला. पांढरी रेघ थेट चौकटीपर्यंत.

“हात लावू नका ना!” ती ओरडली. “दर वेळी मला पहिल्यापासून करावं लागतंय! जरा वेळ सोडलंत तर होईल ना ते…”

वाक्य तिच्याच तोंडात राहिलं.

खोलीत फक्त शेजारच्या पंपाची घरघर.

“…बाई.”

बाई खुर्चीत जाऊन बसल्या होत्या.

पद्मजा हळूच फळ्याकडे वळली. आता कुणी टोचत नव्हतं. तिने गणित संथपणे, एकेका पायरीने केलं. खाली उत्तर आलं. तिने ते दोनदा तपासलं.

हजारात चारही नाहीत.

जातात त्या नव्हे. उरतात त्या!

“मीच मारतेय त्यांना,” ती म्हणाली. “वळतायत त्या. बिचाऱ्या वळतायत, आणि मी मिनिटामिनिटाला बिघडवतेय. आणि जितकं गार करते तितक्या त्या सावकाश वळतात, माझी टिचकी मात्र तितकीच भरभर… म्हणून कमी! बाई, म्हणून कमी झाल्या! म्हणजे एकशे बारा बरोबर आहे!”

“आणि एकशे तेरा?”

“तेपण. कंटाळवाणं आहे, पण बरोबर आहे!”

ती धावतच रांजणाच्या खोलीत गेली. टिचकीची तार रांजणाच्या माथ्यावर पेचात बसवलेली होती. तिने पेच फिरवला. तार निघाली आणि तिच्या हातात लोंबत राहिली.

खिशातल्या फोनवर ठिपके थांबले.

फेरी दुपारी सुरू झाली. सोमवार गेला, मंगळवार गेला.

तार काढायला तिला अर्धं मिनिट लागलं होतं. आता ती लावायची नाही, यात तिचा जीव जात होता.

गारवा दाखवणारा काटा वेगळा होता. तो बघायला हरकत नव्हती. तो शंभराव्या भागावर ठाम होता. पण आत काय चाललंय? कुपी तडकली असली तर? झेनॉन नीट गोठलाच नसला तर? शुक्रवारी चाचा पडद्याकडे बघतील, आणि पडदा कोरा असेल तर? इस्पितळाचा कोरा फोटो घेऊन ते घरी जातील. मुलगा म्हणेल, बघा, आता तर मशीनपण म्हणतंय.

बुधवारी दुपारी ती रांजणाच्या शिडीवर चढली. एका हातात तार, दुसरा हात पेचावर.

“चहा झाला का?”

दारात बाई उभ्या होत्या. हातात कागदाचा पुडा. त्यातलं भडंग त्या एकेक दाणा वेचून खात होत्या.

पद्मजा शिडीवरच थिजली. मग तिची नेहमीची आग परत आली.

“एकच मारणार होते. एक! त्याने काही होत नाही. मी गणित केलंय.”

“बरोबर आहे. एकीने काही होत नाही.”

“…मग?”

“मग मार की. मी कुठं अडवलंय?”

पद्मजाला हे अपेक्षित नव्हतं. अडवलं असतं तर भांडता आलं असतं.

तिने तार पेचाजवळ नेली.

“एक सांग,” बाई म्हणाल्या. “नाद कमी आला तर काय करशील?”

“…थांबेन. आणखी थांबेन. आता दुसरं काय करता येणार? हेलियम नाही.”

“आणि जास्त आला तर?”

“तर…”

“तर?”

“तरीपण थांबेन. शुक्रवारपर्यंत.”

बाईंनी एक शेंगदाणा तोंडात टाकला. चावला. गिळला. दुसरा शोधू लागल्या.

शिडीवर उभी असलेली मुलगी हातातल्या तारेकडे बघत होती. या म्हातारीला एक वाक्य पूर्ण करायला काय होतं? दोन प्रश्न विचारायचे आणि शेंगदाणे खायचे. ही काय रीत झाली?

तिने तार गुंडाळली. खाली उतरली. पुड्यात हात घालून मूठभर भडंग घेतलं आणि रागारागाने खाल्लं.

“तिखट आहे,” ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं.

“जयसिंगपूरचं आहे,” बाई म्हणाल्या.

शुक्रवार, सकाळी नऊ.

दस्तगीरचाचा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. सोबत थोरला मुलगा होता. गाडी त्यानेच आणली होती. दोघं एकाच बाकावर बसले होते, मधे दोन माणसांची जागा सोडून.

“चाचा, दहा सेकंद श्वास धरायचा. जमेल?”

“आट दिस सराव करालोय, पोरी. सातापतूर जातंय. आज दहा करतो. मरू दे तिकडं.”

रांजणातून कुपी निघाली. ऊब मिळताच झेनॉन वायू झाला, चाळणीतून गेला आणि फुग्यासारख्या पिशवीत भरला. आता प्रत्येक मिनिटाला सुया थोड्या थोड्या विखुरणार होत्या. पद्मजा पिशवी छातीशी धरून प्रयोगशाळेतून धावत सुटली. अंगण, पायऱ्या, इस्पितळाचा लांबच लांब बोळ. मागून बाई आपल्या चालीने येत होत्या.

चाचा यंत्रात आडवे झाले होते. छातीभोवती तारांची बंडी. डॉक्टरांनी नळी त्यांच्या ओठांशी दिली.

“घ्या, चाचा. सगळा घ्या. आणि धरा!”

पिशवी सपाट झाली.

एक. दोन. यंत्र टकटक करू लागलं. तीन. चार.

पद्मजा काचेपलीकडून पडद्याकडे बघत होती. पडदा काळा. पाच. सहा. काळा. तिच्या शेजारी चाचांचा मुलगा उभा होता. तोही श्वास धरून असल्यासारखा.

सात. चाचांच्या गळ्याच्या शिरा ताठल्या. आठ.

“धरा, चाचा, धरा…”

नऊ.

दहा!

चाचांनी श्वास सोडला. खोकले. मग हसू लागले. डोळे मिटून, लहान मुलासारखे खुदुखुदू. झेनॉनने क्षणभर डोकं हलकं होतं. “आयला… झोपाळ्यावर बसल्यावानी वाटालंय!”

आणि पडदा उजळला.

उजळला म्हणजे नुसता उजळला नाही, पेटला! पद्मजाने आजवर पाहिलेल्या सगळ्या पुसट ठिपक्यांच्या कितीतरी पट. काळ्या पाटीवर दोन शुभ्र पंख. हवा. माणसाच्या आत शिरलेली, मोठ्या नळीतून वाटा काढत कोपऱ्याकोपऱ्यात पोचलेली, जिवंत हवा!

“वळल्या!” ती किंचाळली. “वळल्या, वळल्या, वळल्या!” तिने शेजारच्या मुलाचे खांदे धरून त्याला गदागदा हलवलं.

त्याला त्याचं भान नव्हतं. तो पडद्याच्या एका जागेकडे बघत होता.

डावा पंख खालून तुटलेला होता. तिथे उजेड नव्हता. उजव्यालाही कडेला दोन मोठी भोकं.

“हे काळं काय हाय, ताई?”

डॉक्टर पुढे आले. त्यांनी त्या काळ्या भागावर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं. “इथे हवा पोचतच नाही,” ते म्हणाले. “साध्या फोटोत हे कधीच दिसलं नसतं. दम लागणारच यांना.”

मुलगा दार उघडून आत गेला. चाचा उठून बसत होते. त्याने त्यांच्या पाठीखाली हात घातला. तो हात मग त्याने काढलाच नाही.

“काय दिसलं रे?” चाचांनी विचारलं.

“हाय,” मुलगा म्हणाला. “हाय, अब्बा. दिसालंय.”

चाचा थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग काचेपलीकडे पद्मजाला मोठ्याने म्हणाले, “पोरी, ह्ये मोट्टं करून दे. कारखान्याच्या दाराला लावतो!”

पद्मजा हसत होती, रडत होती, दोन्ही. तिला आताच्या आता सगळ्या जगाला फोन करायचा होता. दुसरा माणूस, तिसरा माणूस, पन्नास माणसं! पुढच्या खेपेला हेलियम कुठून आणायचा ते बघू. ती मागेल, ती भांडेल, ती आणेल.

मग तिला बाई आठवल्या.

बाई आता कुठे बोळाच्या टोकाशी पोचल्या होत्या. भिंतीला हात टेकवून दम खात होत्या. पद्मजा धावत गेली.

“बाई, झालं! जेवढं व्हायला हवं होतं जवळजवळ तेवढं! चार दिवस त्या आत वळत होत्या, एकेक करून, आणि मी वेडी नुसती घिरट्या घालत होते.”

“हं…”

“तुम्ही मात्र शेंगदाणे खात होता! निवांत! मला तिथंच सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? नुसतं म्हणायचं, पोरी, काळजी करू नकोस, आत सगळं नीट होतंय. तुम्हाला तर माहीत होतं!”

लोंढेबाईंनी भिंतीवरचा हात काढला. चष्मा काढून त्या पुसू लागल्या; एकच काच, पुन्हा पुन्हा.

“मला कुठं माहीत होतं?” बाई म्हणाल्या.